थेंबात उभा माणूस

तिसऱ्या फोटोतही तो होताच.

इदालमिस मालांगाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसली होती. पाऊस थांबून दहा मिनिटं झाली होती आणि अळवासारख्या त्या रुंद पानांच्या कडांना थेंब अजून टपोरे लटकत होते. वारा सुटला की खेळ खलास. म्हणून श्वास रोखून ती एकेक थेंब टिपत होती. कॅमेरा जुना होता, बहिणीनं मायामीहून पाठवलेला. त्याला जवळचं मोठं दाखवणारं भिंग लावलं की थेंबात अख्खं शेत मावायचं.

आज शेताबरोबर माणूसही मावला होता. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

ताडाचं करडं, गुळगुळीत खोड. त्याला चिकटून तो उभा होता. शर्ट वर ओढून तोंड झाकलेलं, पोट उघडं. दोन्ही हात डोक्याच्याही वर गेलेले, आणि उजव्या हातात उगारलेला कोयता.

पानांच्या फटीतून तिनं समोर पाहिलं. चाळीस पावलांवर ताडांची रांग होती. बुंध्यांमागे, गवतात, कुंपणापाशी, कुठेही कुणी नव्हतं.

रिगोबेर्तो. दुसरा कोण असणार?

तीन वर्षांपूर्वी असाच एक थेंब टिपताना तिच्या नकळत तो सापडला होता, सहकारी गोठ्यातली गाय दोरीनं ओढून नेताना. थेंबात सगळं जग डोक्यावर उभं दिसतं, त्यामुळे शेजारच्या ओब्दुलियानं कॅमेरा उलटा धरला तेव्हा कुठे चोराचं तोंड ओळखू आलं. गाव पोट धरून हसलं. थेंबानं चोर पकडला, असं लोक महिनाभर म्हणत होते. रिगोबेर्तो मात्र हसला नव्हता. पोलीस घेऊन जाताना तो तिला एवढंच म्हणाला होता, "परत आल्यावर तुझे थेंब बघायला येईन."

तो सोमवारी तुरुंगातून सुटला होता.

ती उठली आणि मागे न बघता घराकडे पळत सुटली. आत शिरून तिनं दाराला अडसर घातला आणि दाराला पाठ टेकली. दारावरचा खिळा पाठीत टोचला. ती कळवळून बाजूला झाली. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन ती पलंगाआड जाऊन बसली.

अर्सेनियो घरी असता तर! तिचा नवरा ताडांवर चढून डुकरासाठी फळांचे घड उतरवायचा. एक दोर मांडीला, एक पायाला, अशा दोन फासांच्या आधारानं तो सरसर वर जायचा. सकाळी आभाळ बघून तिनं त्याला अडवलं होतं.

"आज चढू नकोस हं."

"ओल्या ताडावर? मला काय वेड लागलंय? तंबाखूच्या कोठाराचं छप्पर गळतंय, तिकडे जातो."

"आणि डुक्कर?"

"राहील एक दिवस उपाशी. तुझ्यापेक्षा कमीच ओरडतं."

"थट्टा सुचतेय तुला. तो सुटून आलाय आणि मी दिवसभर एकटी."

"अगं, नुसती हाक मार. हातातलं टाकून धावत येतो."

पण हाक तिथवर पोचणार कशी? कोठार होतं नदीपलीकडे. आणि ओरडलं तर रिगोबेर्तो आधी पोचणार.

"इदालमिस!"

आवाज ताडांकडून आला होता. दबलेला, तोंडावर फडकं धरून ओरडल्यासारखा. पुन्हा आला. "इदालमिस!" नाव कळत होतं, आवाज कुणाचा ते कळत नव्हतं.

तिनं दोन्ही कानांवर हात दाबले. दाबूनही तिसरी हाक ऐकू आली. ती बारीक होती, लांबलेली, जवळजवळ रडवेली. मला बाहेर काढायला सोंग करतोय मेला, असं तिला वाटलं. ती जागची हलली नाही. मग हाका थांबल्या. कंटाळला असेल. तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

बऱ्याच वेळानं मागच्या दारावर थाप पडली.

"मी आहे गं, ओब्दुलिया! कॉफी संपलीय माझी. दिवसाढवळ्या दारं कसली लावून बसलीस?"

इदालमिसनं तिला आत ओढलं आणि दार पुन्हा लावलं. "रिगोबेर्तो आलाय. कोयता घेऊन ताडांत उभा आहे. मला हाका मारत होता."

"रिगोबेर्तो? काल सकाळच्या बसनं हवानाला गेला की तो, बहिणीकडे! मीच त्याला बसवून आले. सुकून काडी झालाय बिचारा."

"माझ्याकडे फोटो आहे!"

ओब्दुलियानं कॅमेरा घेतला, डोळे बारीक केले, लांब धरला, जवळ धरला. "तोंड कुठे दिसतंय? आणि पोरी, तुझे थेंब उलटे करून बघायचे असतात ना?"

तिनं कॅमेरा फिरवला.

माणसाचे पाय वर गेले. एक पाय खोडाभोवतीच्या दोराच्या फासात अडकलेला होता. शर्ट घसरून तोंडावर पडला होता. दोन्ही हात खाली लोंबत होते, आणि मनगटाला बांधलेला कोयता त्यांच्याही खाली.

इदालमिसनं पुढच्या दाराकडे पाहिलं. अर्सेनियोचे दोर टांगायचा खिळा रिकामा होता.