डिसेंबरचा अंक

पडद्यावरच्या झाडाच्या दोन फांद्या काही केल्या वेगळ्या होईनात. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. जपून ठेवलेल्या पतंगांचा आणखी एकेक पाय तोडला, नवी रसायनं घेतली, डीएनए पुन्हा वाचला. तरी तेच. चाळीस जातींच्या पतंगांचा तो वंशवृक्ष. बाकी सगळे आपापल्या फांदीवर शहाण्यासारखे बसले होते आणि हे दोघे मात्र एकाच टोकावर, एकमेकांच्या मांडीवर. एक काळ्या ठिपक्यांचा, दुसरा फिकट पिवळा. पस्तीस वर्षं दोन जाती म्हणून नांदले आणि आता म्हणे एकच!

एरवी ती आनंदानं खुर्चीतून उडाली असती. आज तिनं संगणक बंद करून टाकला. काळ्या ठिपक्यांच्या पतंगाचं नाव तिच्या बाबांनी ठेवलं होतं, आणि ते तिच्या आईचं होतं.

नियम साधा आहे. एकाच जातीला दोन नावं पडली असतील तर आधीचं राहतं, नंतरचं जातं. पिवळ्याचं नाव एका परदेशी नियतकालिकाच्या डिसेंबरच्या अंकात आलं होतं. बाबांचा लेख त्याच्या मागोमाग, फेब्रुवारीत. म्हणजे दोन महिन्यांच्या उशिरापायी आईचं नाव पुसलं जाणार, आणि पुसणार कोण, तर तिचीच पोर. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. जगाच्या पुस्तकात तिचं नाव एवढ्या एकाच जागी होतं.

संध्याकाळी ती बाबांकडे गेली. बाबा चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत बसले होते. चपला काढायच्या आधीच ती बोलून मोकळी झाली.

"बाबा, तुमचा पतंग आणि तो पिवळा एकच आहे."

बाबांनी काडी खाली ठेवली. "तो पिवळा कधी सापडतो?"

"उन्हाळ्यात."

"आणि मी पकडला ऐन थंडीत!" त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चष्मा उडाला. "अगं, म्हणजे थंडीत कोषातून निघाला की ठिपके आणि उन्हाळ्यात निघाला की पिवळा! कपडे बदलतो लेकाचा! आणि मी शहाणा, पस्तीस वर्षं त्याचे ठिपके मोजतोय. फोन नाही का करायचास लगेच?"

मग बाबांचं हसू हळूहळू ओसरलं.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं आधीचं आहे."

बाबांनी चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला. त्यांना चांगलंच वाईट वाटलं होतं. "छापून टाक," ते म्हणाले.

"मी थांबू शकते, बाबा. त्या दोघांना यादीतून वगळते. कोण विचारणार आहे?"

"तुझी आई विचारेल."

आई संग्रहालयाची ग्रंथपाल होती. अठ्ठावीस वर्षं. दारातून आत आलेल्या प्रत्येक कागदावर 'मिळाले' असा ठसा, त्यावर तारीख आणि खाली सही, यात कधी खाडा नाही. सगळे तिला ठसेबाई म्हणायचे. घरीही तेच. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर ठसा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठसा. बाबा पाहुण्यांना सांगायचे, लग्नाच्या दिवशी माझ्याही पाठीवर मारलाय, दाखवू का? अशा बाईच्या नावासाठी खोटेपणा करायचा म्हणजे तिचाच अपमान होता.

"पण एक कर," बाबा म्हणाले. "मूळ अंक डोळ्यांनी बघ. स्कॅनवरून तारीख लिहायची नाही."

"हो, माहीत आहे," ती जरा चिडूनच म्हणाली. तिनं स्कॅनच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संग्रहालयाच्या ग्रंथालयात गेली. शिडी लावली, वरच्या फळीवरून अंक काढला आणि तारीख टिपायला उभ्याउभ्याच वही उघडली. बाकी ग्रंथालयं अशा अंकांची बांधणी करताना वेष्टनं आणि आतली चिठ्ठीचपाटी काढून टाकतात. आईनं तिच्या कारकिर्दीत काही म्हणजे काही टाकू दिलं नव्हतं. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत डिसेंबर छापलं होतं. तिनं सुस्कारा सोडला आणि पान उलटलं.

आतल्या बाजूला, चारी कोपऱ्यांना डिंक लावून, एक चिठोरी चिकटवलेली होती. छापखान्याची दिलगिरी. कामगारांच्या संपामुळे डिसेंबरचा हा अंक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छापून निघत आहे. शेजारी जांभळ्या शाईचा, जरासा डावीकडे कललेला ठसा. मिळाले. एकोणीस एप्रिल. खाली ओळखीची सही, आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ताकीद: 'ही चिठ्ठी कुणीही फेकू नये.'

ती शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. अंकावर कुठला महिना छापलाय याला नियमात किंमत नसते. तो खरोखर कधी छापून निघाला, तेच धरतात. फेब्रुवारी एप्रिलच्या आधी येतो, एवढं उमजायलाही तिला एक क्षण लागला. म्हणजे पुसलं जाणार ते पिवळ्याचं नाव. आणि यापुढे उन्हाळ्यात दिव्यांभोवती घिरट्या घालणारे ते पिवळे पतंगही आईच्याच नावाचे.

तिनं बाबांना फोन लावला.

"बाबा, आपलं नाव राहतंय."

"असं कोण म्हणतं?" बाबांनी संशयानं विचारलं.

तिनं ठशावरून बोट फिरवलं.

"आई."