लिटरमागं एकोणीस

पिराजीच्या उजव्या हाताची दोन बोटं वर्कशॉपातल्या बाकावर बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात होती आणि व्हाइसचा दांडा गुंडूच्या हातात होता. समोर स्टुलावर हंबीरराव बसला होता.

"नळी कुठं हाय?"

पिराजीनं मान फिरवली. गुंडूनं दांड्याला अर्धा फेरा दिला. करंगळीचं हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. पिराजी गुरासारखा ओरडला, पण सुट्टीचा वार होता. उद्यमनगरातल्या बाकी सगळ्या शटरांना कुलपं होती.

दीड महिन्यापूर्वी हाच हंबीरराव गोड बोलत याच वर्कशॉपात पिराजीचा सल्ला घ्यायला आला होता. पेठ वडगावात त्याचं नऊ माणसांचं घर. सगळ्यांना एका खेपेत जोतिबाला नेईल अशी गाडी त्याला हवी होती. शाहूपुरीतल्या शोरूममध्ये त्यानं दोन व्हॅन बघून ठेवल्या होत्या. पेट्रोलची सुनांना आवडली होती. आवाज नाही, पण चढाला दम टाकणारी. डिझेलची ऐसपैस, दणकट, पण पिणारी.

"कुठली घिऊ, पिराजी?"

"डिझेलची घ्या. तिचं पिणं मी कमी करतो."

आणि पिराजीनं शाळेची पोरं ने-आण करायच्या आपल्या जुन्या व्हॅनची पुढची सीट उचलून खालचं इंजिन दाखवलं. सायलेन्सरच्या पाइपाला तांब्याच्या नळीचे वेढे घातले होते. त्यातनं डिझेल तापून, पातळ होऊन पंपात जायचं. लिटरमागं अकरा किलोमीटर चालणारी गाडी आता एकोणीस चालत होती.

बारा वर्षं तो या नळीच्या मागं होता. आधीच्या तीन फसल्या. तिसरी फसली तेव्हा त्यानं अन्न सोडलं होतं, आणि एकदा तर त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणलं होतं. चौथीनं मात्र हात दिला. पहिल्यांदा एकोणीसचा आकडा आला त्या शनिवारी तो तिच्यासमोर हमसून हमसून रडला.

हंबीररावाचा विश्वास बसेना. त्यानं आपला ड्रायव्हर गुंडू आठवडाभर पिराजीच्या गाडीत बसवला. सोमवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची, शाळेच्या पोरांच्या फेऱ्या मारायच्या, शनिवारी पुन्हा गळ्यापर्यंत भरून किती मावतंय ते बघायचं. दुपारी गाडी दारात लावून दोघं घरी जेवत. शालूबाई गुंडूला आग्रह करकरून भाकरी वाढायची, वर दह्याची वाटी द्यायची. जेवण झालं की मागच्या खोलीत चटई अंथरलेली असायची. शनिवारी गुंडूनं स्वतः भागाकार केला. एकोणीसच्या थोडं वरच.

तिथंच हंबीररावाची नियत फिरली. गाडी राहिली बाजूला, त्याला नळीच हवी झाली, आणि तीही स्वतःच्या नावानं. पिराजी नाही म्हणाला. हंबीररावाच्या डोळ्यांत काय आहे ते त्यानं ओळखलं आणि त्याच दिवशी नळी उतरवून लपवून टाकली. शालूबाई भावाकडं कोडोलीला गेली होती, म्हणून तिलाही ठाऊक नव्हतं.

"बारा वर्सं गेल्यात माझी," पिराजी दात आवळून म्हणाला. "नाव माझंच लागंल."

हंबीरराव उठला. कोपऱ्यातली सळई त्यानं उचलली आणि पिराजीच्या गुडघ्यावर घातली. एकदा, मग त्याच जागी पुन्हा. पिराजी खाली कोसळला असता, पण व्हाइसमधल्या बोटांनी त्याला लोंबकळत धरून ठेवलं.

गुंडूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सांगून टाक की गा, पिराजी. तुझ्या घरचं अन्न खाल्लंय मी. का करायला लावतूस?"

पिराजी थुंकला. थुंकीत रक्त होतं.

"बायकू कोडोलीवरनं आज येणार न्हवं?" हंबीरराव थंडपणानं म्हणाला. "मग तिला बी हितंच बशीवतो. बायांची बोटं बारीक असत्यात. लवकर मोडत्यात."

त्यानंतर काय झालं ते पिराजीला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. गुंडू दांड्यावर वाकला. आवळायला की सोडवायला, हे पिराजीला कळलं नाही. डावा हात बाकावरच्या हातोडीपर्यंत पोचत होता. पहिला घाव गुंडूच्या कानशिलावर बसला. गुंडू "आई गं" म्हणाला. दुसऱ्या घावाला काही म्हणाला नाही. तिसरा घाव घालायची गरज नव्हती, तरी पिराजीनं तो घातला.

हंबीरराव सळई टाकून शटरखालून पळाला.

शालूबाई भेटली ती सरकारी दवाखान्यात. पिराजीची दोन्ही बोटं काढून टाकली होती, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. दाराशी एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता.

"गुंडू?" पिराजीनं विचारलं.

"ग्येला. त्याची आई आल्ती हितं. भिताडावर डोस्कं आपटून घ्येत हुती."

पिराजीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"मला जल्मठेप व्हईल. हू दे. पर शालू, म्या त्वांड उघाडलं न्हाय. बोटं गेली तरी उघाडलं न्हाय." त्याच्या डोळ्यांत ताप आणि अभिमान एकदमच चमकत होता. "वर्कशॉपच्या मागं, हौदाच्या बुडाला नळी पुरलीया. उकरून काढ. इंजनेरी कॉलेजातल्या सायबास्नी न्हेऊन दे. माझं नाव लागंल. गुंडूच्या जिवाचं बी कायतरी चीज व्हईल."

दारातल्या पोलिसाकडं शालूबाईनं एकदा पाहिलं. मग पदराचा बोळा तोंडाशी धरून ती त्याच्या कानाशी वाकली.

"उकरून काय करू वो? भावाच्या ट्रॅक्टरचं डिझेल आणून पयल्यापास्नं मीच वतत हुते टाकीत, रोज दुपारी, तुमी दोघं निजल्यावर."