पहिली फेरी

देवासच्या मित्राने प्रणवला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, "भिया, एसी और पॉवर स्टिअरिंग निकाल दे, फिर देख कैसी भागती है!" गाडीत मोठं इंजिन बसवताना दोन्ही ठेवता आली असती, तरी प्रणवने ती काढली आणि घरी सांगितलं नाही. गाडी धारला घरी आणल्यावर आईने तिला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. घरच्या रिवाजाने पहिली फेरी वडिलांची. आयुष्यभर मांडूच्या घाटात गाडी चालवलेले अण्णा आत बसले. गल्लीच्या वळणावर पॉवरविना जड झालेलं स्टिअरिंग त्यांना दोन्ही हातांनीही वळेना. शेजारी बघत होते. "अगं, माझ्या हातांतलं बळच गेलं," आईकडे न बघता ते म्हणाले आणि किल्ली मुलाला देऊन उतरले. "यापुढे तूच चालव." खरं कारण सांगायला प्रणवची मान वर होईना. खांद्यातून कळ आली तरी त्याने सगळ्यांसमोर स्टिअरिंग सहज वळतंय असं दाखवत वळवलं.