आईमागचं पाडस

"भाकड आहे," दुर्बिणीतून बघत हाल्वार म्हणाला. "एकटीच आहे. मार."

सोल्वीने बंदूक खांद्याला लावली, पण बोट चापापाशीच थांबलं. समोर शंभरेक पावलांवर हरिणी मान खाली घालून चरत होती. तिच्या मागे कमरेएवढे नेचे वाढले होते.

"नीट बघितलंस ना, बाबा? मागे पाडस असलं तर?"

"चाळीस वर्षं बघतोय," हाल्वार म्हणाला. "तू आता चाप ओढतेस, की तिला चहाला बोलावतेस?"

गोळी सुटली. हरिणी जागच्या जागी बसली आणि मग आडवी झाली. लेकीचा नेम बापापेक्षा सरस निघाला, हे मान्यच करायला हवं.

सोल्वीची ही पहिलीच शिकार. वयाची बत्तीस वर्षं होईपर्यंत तिने बंदुकीला हात लावला नव्हता. घरात हरणाचं मटण शिजलं की ही पाव आणि तपकिरी चीज खाऊन उठायची, आणि उठता उठता बापाशी भांडायची. कुठल्या हरणाने जगायचं आणि कुठल्याने मरायचं, हे ठरवणारे आपण कोण? हाल्वारचं उत्तर ठरलेलं असायचं. "लांडगे आपल्याच पणजोबांनी संपवले ना? मग त्यांचं काम आता कोण करणार, तुझे ते शहरातले मित्र?"

गेल्या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि गोठ्यामागे तिला तीन हरणं मेलेली सापडली. नुसती हाडं आणि कातडी. आसपासच्या झाडांची साल पार उंचापर्यंत कुरतडलेली. हरणं फार आणि चारा कमी. त्या दिवसापासून भांडण थांबलं. बापाच्या शिकारीच्या गटात नाव घालायला ती तयार झाली, पण एका अटीवर. आईवाचून पाडस मागे राहता कामा नये.

तसा हा नियम खाडीकाठच्या पोराटोरांनाही पाठ आहे. पाडस आधी, आई नंतर. आई आधी गेली तर पाडसाला कळपात कोणी उभं करत नाही, आणि बर्फ पडलं की ते उपाशी मरतं. एका दिवसात मरत नाही, महिनाभर मरत राहतं. गावात बहुतेक सगळ्यांच्या हातून ही चूक कधी ना कधी झाली होती. हाल्वारच्या गटाकडून एकदाही नाही. त्याला त्याचा ताठा होता, आणि तो त्याला शोभतही होता.

हरिणीचं पोट हाल्वारने स्वतःच चिरलं, आतडी काढली. सोल्वी आणि शेजारचा अस्लाक तोवर दोराची गाठ सोडवत बसले होते. काम झाल्यावर हाल्वार बराच वेळ शेवाळावर हात पुसत राहिला.

"तुम्ही दोघं न्या हिला खाली," तो म्हणाला. "मी बसतो इथेच जरा. गुडघे कुरकुरायला लागलेत."

"म्हातारा झालास की," अस्लाक म्हणाला. "पुढच्या वर्षी तुलाच दोर बांधून न्यावं लागणार."

"आधी हिला ने. मग माझं बघू."

खाली शेडमध्ये हरिणी उलटी टांगली. सोल्वी कातडं सोलायला लागली आणि कासेपाशी तिचा हात थबकला. कास भरलेली होती. तिने जरासं दाबलं तर बोटांवर दूध आलं.

अस्लाकनेही ते पाहिलं. "हाल्वारच्या हाताला लागलं नसेल होय हे?" तो हळूच म्हणाला. "पोट त्यानेच तर चिरलं."

तिला सगळा उलगडा झाला. म्हाताऱ्याची चूक झाली होती. लेकीला कळू नये म्हणून ती त्याने पोटात ठेवली आणि गुडघ्यांचं निमित्त काढून पाडसाची वाट बघत बसला. आई पडते त्या जागी पाडस परत येतंच. पण एखाद-दोन दिवसच. मग ते कुठे भरकटतं, कोणाला सापडत नाही. सोल्वीला राग आला. मला सांगायला काय झालं होतं? आणि रागाच्या मागोमाग बापाची भयंकर माया आली. बंदूक उचलून ती पुन्हा चढणीला लागली.

वर ऊन अजून लख्ख होतं. हाल्वार बर्चच्या बुंध्याला टेकून बसला होता. बंदूक गुडघ्यावर टेकवलेली, बोट चापापाशी.

आणि पाडस आलेलं होतं. मोकळ्या गवतात, तीस पावलांवर, उन्हात. आईचं रक्त सांडलं होतं ती जागा ते हुंगत होतं. मधे एक झुडूपसुद्धा नव्हतं. हाल्वारचं तोंड तिकडेच होतं आणि तो गोळी घालत नव्हता.

सोल्वी सरपटत जाऊन त्याच्या मागे बसली. तिला भडभडून आलं. इतकी वर्षं ज्याचा हात कधी अडला नाही, तो आज अडला होता. आयुष्यभर हिने त्याला दगडाच्या काळजाचा म्हटलं होतं. पाडसाने मान वर केली आणि सरळ त्या दोघांकडे पाहिलं.

"बाबा," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "तुझ्याने होत नसेल तर राहू दे. मी मारते."

हाल्वारने मान वळवली नाही.

"गप बस," तो पुटपुटला. "पाडस येऊ तर दे आधी."