डोंगरावरचा पांढरा घुमट

"हे माझं शेवटचं वर्ष," स्टेनवर फाटकाच्या जाळीतून म्हणाली. "पुढच्या वर्षी तुला एकट्यालाच कॉफी प्यावी लागेल."

आतला पहारेकरी केटिल जाळीखालून कॉफीचा कप सरकवत होता. त्याचा हात थांबला.

"का? बरं नाही का?"

"कंबर बोलायला लागलीय. आणि माणसं कुठे उरलीत? पहिल्या वर्षी अख्खं हेलुविक गाव चढून आलं होतं. आज मी, माझा फलक, आणि खाली गाडीत ऑडनी. तीही हीटर लावून बसलीय."

फलकावर लिहिलं होतं, 'परक्या फौजांनो, घरी जा'. रंग दरवर्षी नवा, मजकूर तोच.

मागे खाडी होती, खाडीच्या टोकाला गाव. पुढे तारांचं कुंपण आणि आत तो पांढरा घुमट. परक्या देशांच्या लष्करी आघाडीने तो बांधला तेव्हा स्टेनवर गावच्या शाळेत शिकवत होती. ज्या देशाला स्वतःचं सैन्यच नाही, त्याच्या उरावर हे कशाला, असं तिने मंत्रालयाला विचारलं होतं. 'याबाबत भाष्य करता येणार नाही,' असं उत्तर आलं. मग ती दर वसंतात फलक घेऊन वर येई, रेडिओवर तिची बातमी लागे आणि मंत्रालय पुन्हा तेच उत्तर देई.

आत क्षेपणास्त्रं आहेत असं ऑडनीचं मत. पाणबुड्यांची चाहूल घेणारी यंत्रं आहेत असं स्टेनवरचं. वारा पडला की आतून घूं-घूं ऐकू यायचं, ते तर दोघींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"एवढी वर्षं पहारा देतोस," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचंस."

"सही केलीय मी, न बोलण्याची."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यावर राग धरला नाही."

गारा पडायला लागल्या. केटिलने खिशातून किल्ली काढून फाटक उघडलं.

"आत ये. बघून घे, मग काय ते ठरव."

घुमटाच्या दाराशी केटिलने बूट काढले, म्हणून तिनेही काढले.

आत एक टेबल होतं, दोन खुर्च्या, आणि दोरीवर वाळत घातलेले लोकरीचे मोजे. भिंतीला लागून एक भलामोठा फ्रीजर घूं-घूं करत होता.

"यात काय आहे?"

"मटण. माझ्याच मेंढ्यांचं."

"आणि ते फौजेचे लोक?"

"केव्हाच गेले. यंत्रं उचलून नेली. मला म्हणाले, पुढचं कळवू. कुणी कळवलं नाही. मंत्रालयाला वाटतं इथे आघाडी आहे. आघाडीला वाटतं मंत्रालय आहे. सगळंच गुप्त, मग कोण कुणाला विचारणार?"

ती खुर्चीवर टेकली. हसावं की रडावं तिला कळेना.

"म्हणजे इतकी वर्षं मी मटणाविरुद्ध घोषणा दिल्या."

"दिल्यास म्हणून रस्ता आहे," केटिल म्हणाला. "हे ठाणं आहे म्हणून बर्फ काढणारी गाडी हिवाळ्यात रोज येते, आणि ती गावातून येते. पलीकडच्या खाडीवरच्या गावात तिचा पत्ता नसतो. तिथलं दुकान गेलं, नर्स गेली, मग माणसं गेली. तू दरवर्षी रेडिओवर भांडतेस. मंत्रालयात कुणीतरी म्हणतं, लोक अजून चिडतात, म्हणजे तिथे काहीतरी महत्त्वाचं असणार. की झाली ठाण्याच्या खर्चाला पुढची मंजुरी. तू थांबलीस तर आपली आठवण कोण ठेवणार?"

गेल्या हिवाळ्यात ऑडनीच्या नवऱ्याला इस्पितळात नेलं होतं, ते याच रस्त्याने. माणूस वाचला होता.

स्टेनवरने आणखी कॉफी मागितली. केटिलने वाळवलेला मासा आणि लोणी पुढे केलं. गारा थांबेपर्यंत दोघं यंदाच्या कोकरांबद्दल बोलत बसली. इतकं निवांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

खाली गाडीत ऑडनी काच उतरवून वाट बघत होती.

"तू आत गेलीस. मी पाहिलं. काय आहे तिथे?"

स्टेनवरने शेजारी बसून पट्टा लावला.

"सांगायची बंदी आहे मला," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी सगळं गाव वर आणायला हवं, ऑडनी. आपल्याला वाटत होतं त्याहून कितीतरी भयंकर आहे."