लोखंडाची बॅग

"हिला चाकं आहेत, काका. नुसती ओढत न्यायची," दुकानदार म्हणाला.

"चाकं नकोत." काका जरा जास्तच घाईने बोलले.

काका गेली तीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होते. ड्रम टेम्पोतून जायचे, पण स्टँड, पेडल, स्टूलचे पाय हा सगळा लोखंडाचा पसारा ज्याचा त्याने वाहायचा, असा तिथला शिरस्ता. आणि शनिवारच्या कार्यक्रमाच्या हॉलला दोन जिने होते. जुन्या बॅगेचा तळ उसवला होता. वाद्यांच्या दुकानातल्या बॅगेला हात लावायची सोय नव्हती, ड्रमची म्हटलं की दाम दुप्पट. म्हणून मग मिस्त्री लोकांची हत्यारं आणि त्यांच्या बॅगा विकणारं हे दुकान. मापाला बसते का बघायला घरचं लोखंड काकूंनी चादरीत बांधून दिलं होतं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून ते रिक्षातून उतरवलं होतं.

खरं दुखणं बॅगेचं नव्हतंच, खांद्याचं होतं. मागच्या कार्यक्रमाला काका जिन्याच्या वळणावर थांबले, तेव्हा की-बोर्डवाल्याने त्यांच्या हातातून बॅग काढून घेतली. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या मालकाचा फोन. "काका, झेपतंय ना?" अगदी प्रेमाने विचारलं त्याने. ट्रंपेटवाल्यालाही असंच प्रेमाने विचारलं होतं, आणि महिन्याभरात त्याच्या खुर्चीवर दुसराच बसलेला होता.

"चाकांची घेतली तर काय बिघडतं?" काकू म्हणाल्या. दुकानदाराने स्टूल पुढे केलं होतं, तरी त्या खांद्यावरची कापडी पिशवी सांभाळत उभ्याच होत्या.

"चाकं दिसली की सगळे खांद्याकडे बघणार. शनिवारी मला कुणी खांद्याकडे बघायला नकोय."

काकांनी खांद्याला अडकवायची काळी बॅग निवडली. दुकानदाराने गाठोडं चादरीसकट आत सरकवलं.

"तुमच्याकडे जिना आहे का हो?"

बॅगेची चेन ओढून बघणारी, शिवण ताणून बघणारी गिऱ्हाइकं दुकानदाराने पाहिली होती. जिना मागणारं हे पहिलंच. त्याने माळ्यावर जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या दाखवल्या.

काका चढू लागले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी श्वास धरला. सहाव्या पायरीवर कळ येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, ओझं घेऊन चढताना घरचा जिना रोज तेच सांगायचा. सहावी गेली. सातवी गेली. खाली काकूंचे ओठ पायऱ्या मोजत हलत होते. काका वर पोचले, क्षणभर थांबले आणि उतरताना चक्क शीळ घालत उतरले.

"बघितलंस? काही झालेलं नाही मला. डॉक्टर उगीच घाबरवतात."

काकू हसल्या, पण ते हसू लवकर आटोपलं.

"हीच बांधून देऊ?" दुकानदाराने बॅग वरून दाबून पाहिली. "पण काका, ही तुम्हाला मोठी होतेय. निम्मी रिकामीच आहे. हिच्यापेक्षा लहान घ्या, स्वस्तही पडेल."

काकांची पुन्हा सुरू झालेली शीळ थांबली. जुनी बॅग एवढीच होती आणि तिची चेन लावायला काकूंना वर गुडघा ठेवून बसावं लागायचं. ते खाली बसले, बॅग उघडली, चादरीची गाठ सोडली. स्टँड होते. पेडल नव्हतं. स्टूलचे पाय नव्हते. क्लॅम्पचा डबा नव्हता.

त्यांनी वर पाहिलं. काकूंची कापडी पिशवी जराही हलत नव्हती, ओळंब्यासारखी सरळ खाली लोंबत होती. काका उठले आणि त्यांनी ती काकूंच्या खांद्यावरून काढून घेतली. वजनाने त्यांचा हात खाली गेला. आत लोखंडावर लोखंड वाजलं.

"शनिवारी मी येतेच आहे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "बायकोच्या पिशवीत काय आहे, कोण बघतं?"

"आणि दोन जिने?"

"आले असते तुमच्या मागे मागे."

काकांना काहीतरी आठवलं. "मागच्या वेळी पेडल तूच आणून दिलंस. बॅगेच्या भोकातून पडलं म्हणालीस."

"तेव्हा भोक एवढं मोठं नव्हतं."

म्हणजे त्या दिवशीही बॅग हलकी होती, आणि तरी ते वळणावर थांबले होते. काकांना लाज वाटली. मालकाच्या फोनने वाटली नव्हती इतकी. काकूंच्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता. त्यावर त्यांनी पदर ओढून घेतला.

दुकानदार कुठे बघावं ते न कळून पावतीपुस्तक चाळत होता.

"ती चाकांची काढा," काका म्हणाले. "जिन्यावर की-बोर्डवाल्याला हात लावायला सांगेन."

या वेळी त्यांनी स्वतः भरली. स्टँड, पेडल, स्टूलचे पाय, क्लॅम्पचा डबा, सगळं. चेन लावायला काकूंचा गुडघा लागलाच. मग काकांनी दांडी धरली आणि दुकानाच्या या टोकापासून दारापर्यंत बॅग ओढली. फरशीवर चाकांनी असा खडखडाट केला की कडेला पाने-पकडी निवडणारी दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. त्यांची नजर बॅगेवर गेली, मग काकांच्या खांद्यावर. काकांनी त्यांना बघू दिलं.

मागून काकू येत होत्या. पिशवी रिकामी होती, तरी त्यांचा खांदा अजून त्याच बाजूला कललेला होता.