मागून बघणारं कुणी

बन्सीधरची खुर्ची जवळ सरकली तशी राजेश्रीनं चटकन स्क्रीनवरचं पान बदललं.

“काय लपवायलीस गं?”

“न बघण्यातच तुझं भलं हाय. सरक तिकडं.”

परभणीच्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या या दोघांनीच पुण्याच्या संस्थेचं काम हाती घेतलं होतं. पिकाला किती पाणी द्यावं ते सांगणारं संस्थेचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं होतं. कुणीही उघडावं, चूक शोधावी, दुरुस्ती पाठवावी. मराठी आकडे टाकले की ते पाण्याची गरज शून्य दाखवायचं. ज्याची दुरुस्ती शनिवारपर्यंत स्वीकारली जाईल, त्याला संस्थेत नोकरी. जागा एकच.

राजेश्रीची दुरुस्ती दोनदा परत आली होती. पहिल्यांदा दुरुस्ती नीट चालते का ते तपासणारी चाचणी जोडली नाही म्हणून. दुसऱ्यांदा कारणच धड कळलं नाही. तिनं विचारलं, तर पलीकडून चकार शब्द नाही. ती सारखी मेल उघडायची, बंद करायची, नखं खायची. वालूरहून आईचा फोन आला तरी “नंतर बोलते” म्हणून ठेवून द्यायची.

त्यात हा बन्सीधर.

“कुठं अडकलीस? दाखव की. दोघं मिळून बघू.”

“आन् पाठवायचं कुणाच्या नावानं?”

“तुझ्याच, बाई. लय संशयी हाईस तू!”

ती उठलीच. सगळ्यांसारखंच तिनंही आपल्या, खिडकीजवळच्या या संगणकात पहिल्याच दिवशी आपलं नाव, ईमेल बसवून घेतलं होतं. त्यावर केलेल्या प्रत्येक दुरुस्तीवर करणाऱ्याचं म्हणून ते आपोआप उमटायचं, आणि संस्था तेच नाव धरायची. यंत्र सवयीचं, पण शेजार वाईट. काम पेनड्राइव्हवर घेऊन ती कोपऱ्यातल्या संगणकावर जाऊन बसली. आधी तिथं बन्सीधर बसायचा; वरचा पंखा बंद पडला म्हणून त्यानं गेल्या महिन्यात तो संगणक सोडला होता. पाठ घामानं भिजली, पण मागे भिंत होती. बघणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी सगळ्या चाचण्या पार पडल्या. तिनं आपल्या खात्यातून दुरुस्ती पाठवून दिली.

“पाठवलीस?” बन्सीधरनं दप्तर उचलता उचलता विचारलं.

“तुला काय करायचंय?”

“काई न्हाई. मला तर जमंना. तुझं तरी होऊ दे.”

तिला ते खरं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी मेल आला. दुरुस्ती स्वीकारली होती. राजेश्री जिन्यातच हसली, आईला फोन लावला. मग दुपारभर पुण्याच्या फोनची वाट बघत येरझाऱ्या घालत राहिली. पाणी प्यायला गेली तरी मोबाइल हातातच. तो काही वाजेना.

उन्हं कलताना बन्सीधर धापा टाकत जिना चढून आला. चेहरा पार गोंधळलेला. मोबाइल तळहातानं झाकून तो हळूच म्हणाला,

“राजेश्री, पुण्याहून फोन हाय. कधी रुजू होता म्हणून मला विचारायलेत. अगं, मी तर काईच पाठवलं न्हाई!”